“मामा, स्विच गेला”: बदललेल्या कन्सोलच्या फर्मवेअर अपडेटचं एक प्रकरण

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. त्याच्याकडे निन्टेन्डोचा स्विच हा खेळांचा कन्सोल आहे, आणि त्यातलं सॉफ्टवेअर त्याने बाहेरून बदललेलं. “मामा, स्विच गेला.”

‘गेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कन्सोलपैकी खरंच गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. स्क्रीन काळी झाली की मनात आधी वाईटच येतं, आणि मग घाईघाईने जे काही केलं जातं त्यानेच खरं नुकसान होतं. म्हणून मी नेहमीचंच म्हटलं, “आता कशालाही हात लावू नकोस. स्क्रीनचा फोटो काढून पाठव.”

“काळीच आहे. नुसती अक्षरं आहेत.”

“त्या अक्षरांचाच पाठव.”

फोटोत काळ्या स्क्रीनवर दोन-चार पांढऱ्या ओळी होत्या. निन्टेन्डोचा लोगो नाही, अ‍ॅटमॉस्फिअरचा, म्हणजे स्विचवर बाहेरचे प्रोग्राम चालवू देणाऱ्या सुधारित प्रणालीचाही नाही. ओळींचा मथितार्थ एवढाच, की पॅकेज-वन, म्हणजे यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरचा (फर्मवेअरचा) सुरुवातीचा गठ्ठा, ओळखता येत नाही, म्हणून पुढे जात नाही. मला हायसं वाटलं. तसं बोललो, तर तो वैतागला. त्याच्या लेखी स्विच बंद होता. माझ्या लेखी स्विच बोलत होता आणि अडचण कुठे आहे ते नेमकं सांगत होता.

या प्रकरणात एकामागून एक चार बिघाड निघाले. चारही वेगवेगळे, आणि एकाचाही दोष निन्टेन्डोच्या फर्मवेअरकडे जात नव्हता.

मशीन कोणतं, आत काय होतं

हा स्विच सुरुवातीच्या खेपेतला, २०१८ च्या मध्याआधी बनलेला. या माहितीला फार महत्त्व आहे. या मशीनमधल्या टेग्रा एक्स-वन चिपमध्ये बूटरॉम, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी धावणारा प्रोग्राम असतो, आणि चिप कारखान्यातून बाहेर पडली की त्यात फेरफार करता येत नाही. रिकव्हरी मोडमध्ये यूएसबीवरून येणाऱ्या एका विनंतीची लांबी हा बूटरॉम नीट तपासत नाही. तेवढ्या फटीतून आपला प्रोग्राम आत सरकवता येतो. केट टेमकिन आणि रीस्विच्ड गटाने एप्रिल २०१८ मध्ये ही फट ‘फ्यूझे जेले’ या नावाने जाहीर केली. सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१८-६२४२ हा तिचा क्रमांक. पुढची मशीन कारखान्यातूनच दुरुस्त होऊन येऊ लागली, पण आधी विकल्या गेलेल्या मशीनमधलं हे भोक कुठल्याही अपडेटने बुजत नाही. म्हणजे वरचं सगळं सॉफ्टवेअर कोसळलं तरी मागचं दार उघडंच राहतं. त्या रात्री मी निवांत झोपलो तो याच भरवशावर.

आत शिरायची रीत अशी: उजव्या जॉय-कॉनच्या (बाजूच्या कंट्रोलरच्या) खाचेत जिग, म्हणजे ठरावीक पिना जोडणारा छोटा तुकडा, बसवायचा, आवाज वाढवायचं बटण धरून पॉवर दाबायची, की मशीन रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे आरसीएममध्ये जातं. भाच्याला जिगचा कंटाळा, म्हणून त्याने ऑटो-आरसीएम करून ठेवलं होतं. त्यात मेमरीच्या बूट-झिरो या सुरुवातीच्या भागातला एक तुकडा मुद्दाम बिघडवलेला असतो. बूटरॉमला तो तुकडा पटत नाही आणि पॉवर दाबली की मशीन आपोआप आरसीएममध्ये पडतं. मग यूएसबीच्या तोंडाला बोटभर लांबीचा डाँगल लावायचा, की तो पेलोड, म्हणजे चालवायचा प्रोग्राम, आत ढकलतो. त्याच्या डाँगलमध्ये फ्यूझे हा पेलोड होता, अ‍ॅटमॉस्फिअरचा पहिला टप्पा.

आतली मांडणी दुहेरी होती. मशीनच्या पोटातली ३२ जीबीची मूळ मेमरी म्हणजे सिसएमएमसी. तिच्यावर १६.१.० हे फर्मवेअर, जवळजवळ कोरं. दुसरी एसडी कार्डावरच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये ठेवलेली तिची नक्कल, एमूएमएमसी. रोजचा वापर सगळा नकलेवर: होमब्रू (हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्राम), त्याने स्वतः लिहिलेला एक छोटा खेळ, तीन वर्षांचे सेव्ह, होम मेन्यूला चढवलेली गडद निळी थीम आणि पाच-सहा सिसमॉड्यूल, म्हणजे मागे गुपचूप चालणारे छोटे प्रोग्राम. अ‍ॅटमॉस्फिअर १.५ मालिकेतलं. दीड वर्ष त्याला कुणी हात लावला नव्हता, आणि सगळं सुरळीत चालू होतं.

घडलं काय

एका नव्या खेळाने १९ किंवा त्यापुढचं फर्मवेअर मागितलं. भाच्याने १९.०.१ च्या फाइल कार्डावर टाकल्या, डेब्रेक उघडलं, फोल्डर दाखवलं. डेब्रेक हे अ‍ॅटमॉस्फिअरसोबतच येणारं साधन. ते इंटरनेटला न जाता कार्डावरच्या फाइलमधून फर्मवेअर बसवतं. फोल्डर तपासून झाल्यावर त्याने इशारा दिला, की हे फर्मवेअर तुमच्या अ‍ॅटमॉस्फिअरला चालेल याची खात्री नाही, तरीही पुढे जायचं का?

“मग तू काय केलंस?”

“पुढे गेलो.”

“का?”

“सगळे इशारे असेच असतात ना, मामा.”

खोटं नाही. दिवसभर आपण इतक्या चौकटींवर न वाचता ‘हो’ म्हणतो, की एखादी खरी चौकट समोर आली तरी ओळखू येत नाही. पुढचे पर्याय मात्र त्याने बरोबर निवडले. जुनी माहिती राखून ठेवायला सांगितली, आणि फॅट-३२ व एक्सफॅट या कार्डावर फाइल मांडायच्या दोन पद्धतींतली फॅट-३२ घेतली. कार्डही फॅट-३२ मध्येच होतं. एक्सफॅटवर होमब्रू मध्येच कोसळलं की फाइलची वाट लागायची शक्यता जास्त, म्हणून जाणकार त्याच्या वाटेला जात नाहीत. इथे त्याने गाढवपणा केला असता तर पुढची कहाणी बरीच लांबली असती.

डेब्रेकचं काम बिनबोभाट पार पडलं. मशीन रीबूट झालं, आणि मग त्या पांढऱ्या ओळी.

कारण सोपं आहे. अ‍ॅटमॉस्फिअर हा निन्टेन्डोच्या प्रणालीवर चढवलेला थर नव्हे. तो त्या प्रणालीचे काही भाग काढून त्या जागी स्वतःचे बसवतो. चालू होताना फ्यूझे आधी बूट-झिरोमधलं पॅकेज-वन वाचतो, त्यावरून फर्मवेअर कोणतं ते ठरवतो आणि मग कुठे काय बदलायचं ते पाहतो. ही ओळखपरेड प्रत्येक मोठ्या फर्मवेअरसाठी नव्याने शिकवावी लागते. १६ ची ओळख अ‍ॅटमॉस्फिअर १.५ मध्ये आली, १७ ची १.६ मध्ये, १८ ची १.७ मध्ये, १९ ची १.८ मध्ये. भाच्याच्या कार्डावरचं १.५ हे १९ ला कधी भेटलंच नव्हतं. अनोळखी माणूस दारात दिसल्यावर त्याने कडी उघडली नाही, आणि ते योग्यच केलं. आधी अ‍ॅटमॉस्फिअर, मग फर्मवेअर. हा क्रम उलटला की हीच स्क्रीन दिसते.

आणि एमूएमएमसीला तिचं स्वतःचं बूट-झिरो असतं, म्हणजे जे काही बदललं ते कार्डावरच्या नकलेत. पोटातली १६.१.० जशीच्या तशी असणार, असा माझा कयास होता. पडताळून पाहायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

रात्रीचा दुसरा फोन

अकराच्या सुमाराला पुन्हा फोन. कार्ड काढून त्याने लॅपटॉपला लावलं होतं. “मामा, विंडोज म्हणतंय, ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करा. करू?”

या संबंध प्रकरणात माझ्या छातीत धस्स झालं ते इथेच.

कार्डावर दोन पार्टिशन होती. एक साधं, त्यात फाइल. दुसरं एमूएमएमसीचं, त्यातला मजकूर विंडोजला कळत नाही. न कळणाऱ्या पार्टिशनकडे बोट दाखवून विंडोज शहाजोगपणे विचारतं, की हे रिकामं दिसतंय, फॉरमॅट करू का? तिथे ‘हो’ म्हटलं की तीन वर्षांचे सेव्ह, त्याचा स्वतःचा खेळ, सगळं पुसलं. बिघाड होता एका फोल्डरमधल्या जुन्या फाइलींचा, आणि उपाय म्हणून सगळं घर पाडायची तयारी चालली होती.

“रद्द कर. आणि आता खरंच झोप.”

नाही म्हणायला एक काम त्याच्याकडून करून घेतलं. जे पार्टिशन उघडत होतं त्यातल्या सगळ्या फाइल लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यायला लावल्या. पुढे काय खोडायचं ते खोडू, मूळ प्रत हाताशी राहील.

सकाळी: मशीन पुरतंच थंड

सकाळी त्याचा आवाज रडवेला. आता अक्षरंही येत नव्हती. डाँगल लावला, पॉवर दाबली, काहीच नाही.

हा बिघाड नव्हता, ऑटो-आरसीएमची खोड होती. रात्री कार्ड काढल्यावर त्याने मशीन ‘बंद’ केलं, आणि सवयीने पॉवर एकदा जास्त दाबली असावी. ऑटो-आरसीएममध्ये मशीन जागं होतं ते सरळ रिकव्हरी मोडमध्ये, आणि त्या मोडमध्ये स्क्रीन पूर्ण काळी असते. बंद आहे असं वाटतं, पण आत चिप जागी असते आणि बॅटरी पीत राहते. त्यावर कडी म्हणजे त्या अवस्थेत चार्जिंग धड होत नाही. रात्रभरात बॅटरी तळाला गेली होती.

“चार्जरला लाव आणि कॉलेजला जा. दुपारपर्यंत बघूसुद्धा नकोस.”

दुपारी डाँगल लावताच जुनी पांढरी अक्षरं परत आली. तीच अक्षरं पाहून आदल्या रात्री हा रडकुंडीला आला होता. आता त्यांचा फोटो त्याने मला हसऱ्या चेहऱ्यासकट पाठवला.

फाइल बदलताना

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसलो. मी आधी हेकाटे चालवायला लावलं. हेकाटे हाही एक पेलोड आहे, पण त्याला स्वतःचा मेन्यू आहे, आणि निदानासाठी त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. डाँगलऐवजी लॅपटॉपवरून तो पाठवला. मेन्यूतून ‘स्टॉक’ निवडून सिसएमएमसी सुरू केली. लोगो आला, होम मेन्यू आला, सेटिंगमध्ये १६.१.०. कयास खरा निघाला. मशीन ठणठणीत होतं.

मग पुन्हा हेकाटेत येऊन एमूएमएमसीचा पूर्ण बॅकअप. हेकाटे ते पार्टिशन यूएसबीवरून लॅपटॉपला ड्राइव्हसारखं दाखवू शकतो, आणि फक्त वाचण्यापुरतं खुलं ठेवायची सोयही त्यात आहे. याला वेळ लागतो. तेवढ्यात मी त्याला विचारलं, सिसएमएमसीचा बॅकअप कधी घेतला होतास का? उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. म्हणून पाठोपाठ तोही घेतला: मुख्य मेमरीची प्रत, आणि बूट-झिरो व बूट-वन यांच्या प्रत्येकी ४ एमबीच्या प्रती. मुख्य मेमरीत प्रॉडइन्फो नावाचं एक लहान पार्टिशन असतं. त्यात त्या एका मशीनची ओळखपत्रं असतात, आणि ती दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून उसनी घेता येत नाहीत. फर्मवेअर गेलं तर पुन्हा मिळेल, प्रॉडइन्फो मिळणार नाही. बॅकअप घ्यायचा तो मुख्यतः त्याच्यासाठी.

आता खरं काम. नवं अ‍ॅटमॉस्फिअर १.८ कार्डावर उतरवायचं. बहुतेक जण नवी झिप उलगडतात आणि जुन्यावर ओततात. ‘बदलू का’ विचारलं की सगळ्याला हो. बऱ्याचदा चालतंही. पण त्यात जुन्या आवृत्तीत असलेल्या आणि नव्यात नसलेल्या फाइल तशाच पडून राहतात, आणि पुढे कोणती फाइल कुणाची तेच कळेनासं होतं. मी जुना अ‍ॅटमॉस्फिअर फोल्डर आख्खा बाजूला काढून नवा कोरा टाकायच्या मताचा आहे. मात्र त्यातही दोन खड्डे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी मी स्वतः पूर्वी पडलो आहे.

पहिला खड्डा: कार्डाच्या मुळाशी एमूएमएमसी नावाचा एक छोटा फोल्डर असतो. त्यातल्या दोन-चार ओळींच्या फाइलमध्ये नक्कल कार्डावर कुठे आहे ते लिहिलेलं असतं. आवराआवरीत तो उडाला, तर फ्यूझेला नक्कल आहे हेच कळत नाही, आणि तो मुकाट्याने मूळ सिसएमएमसी सुरू करतो. होम मेन्यू दिसतो, खेळ गायब दिसतात, माणूस हादरतो. हादरण्यापेक्षा वाईट म्हणजे, कोरी ठेवलेली मेमरी नकळत सुधारित फर्मवेअरखाली चालवली जाते.

दुसरा खड्डा जास्त छुपा. भाच्याने निन्टेन्डोच्या सर्व्हरकडे जाणारी वाट अडवली होती, आणि ती अडवणारी यादी अ‍ॅटमॉस्फिअर फोल्डरच्याच पोटात, होस्ट्स या उपफोल्डरमध्ये होती. फोल्डर बदलला की यादीही गेली. कोऱ्या अ‍ॅटमॉस्फिअरची स्वतःची अडवणूक फक्त टेलिमेट्रीपुरती, म्हणजे वापराची माहिती पाठवण्यापुरती असते. म्हणजे अपडेट यशस्वी झाल्याच्या आनंदात पहिल्यांदा वायफाय जोडलं, की बदललेलं मशीन थेट निन्टेन्डोच्या दारात उभं. बंदी यायला ते पुरेसं ठरू शकतं. मशीनची ओळख झाकणारी एक्झोस्फिअरची (या सुधारित प्रणालीच्याच एका भागाची) सेटिंग फाइल कार्डाच्या मुळाशी असल्याने ती तशीच राहिली होती. यादी मात्र जुन्या प्रतीतून आठवणीने परत आणावी लागली. तोवर विमान मोड.

कुणी मॅकवरून कार्ड भरत असेल तर आणखी एक वैताग असतो. मॅक फोल्डरांवर अशी खूण सोडतो की स्विचला ते फोल्डर नीट वाचताच येत नाहीत. हेकाटेत ही खूण पुसायचं बटण आहे. आमच्याकडे विंडोज होतं, सुटलो.

दुसरी स्क्रीन, दोन आकडे

नवं सगळं जागेवर ठेवून कार्ड घातलं. भाच्याने उत्साहाने डाँगल लावला. पुन्हा काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं.

“मामा, तेच!”

“तेच नाही. वाच.”

या वेळी तक्रार वेगळी होती. फ्यूझेची आवृत्ती चुकीची आहे, आणि पुढे कंसात दोन आकडे: प्रोग्राम १.५ चा, पॅकेज-थ्री १.८ चं.

पॅकेज-थ्री म्हणजे कार्डावरचा तो गठ्ठा, ज्यात अ‍ॅटमॉस्फिअरचे पुढचे टप्पे बांधलेले असतात. तो नवा होता. पण फ्यूझे येत होता डाँगलमधून, आणि डाँगलच्या पोटातली प्रत दीड वर्ष जुनीच होती. कार्ड बदललं की सगळं बदललं अशी आपली समजूत असते. डाँगल ही दुसरी साठवण आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

डाँगल लॅपटॉपला जोडून आत नवा फ्यूझे टाकला असता तर भागलं असतं. पण पुढच्या अपडेटला पुन्हा हाच घोळ. म्हणून डाँगलमध्ये फ्यूझेऐवजी हेकाटे ठेवला, आणि फ्यूझे कार्डावर, हेकाटेच्या पेलोड फोल्डरमध्ये. हेकाटेची एक खुबी अशी, की चालू होताना तो कार्डावर स्वतःची नवी प्रत आहे का पाहतो आणि असेल तर तिच्या हाती सूत्रं देतो. डाँगलमधली प्रत शिळी झाली तरी अडत नाही. यापुढे फक्त कार्ड सांभाळायचं.

लोगो आला, आणि

अ‍ॅटमॉस्फिअरचा लोगो. मग स्विचचा लोगो. भाच्याने श्वास रोखला होता, मीही. मग पुन्हा काळी स्क्रीन, पण या वेळी भरगच्च: एक एरर कोड, खाली प्रोग्रामचा क्रमांक, त्याखाली रजिस्टरांच्या आकड्यांची रास.

रास सोडून द्यायची. कामाची ओळ एकच: प्रोग्राम ०१००००००००००१०००. निन्टेन्डोच्या प्रणालीत हा क्रमांक होम मेन्यूचा. बाकी सगळं उभं राहिलं होतं आणि होम मेन्यू उघडताना कोसळला होता. जुन्या फोल्डरमधलं काय काय परत ठेवलंस, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, “होस्ट्स, आणि कंटेंट्स.”

कंटेंट्स फोल्डरात प्रत्येक प्रोग्रामच्या क्रमांकाचा एकेक उपफोल्डर असतो, आणि त्यात त्या प्रोग्रामऐवजी वापरायच्या फाइल. तिथे ०१००००००००००१००० बसला होता, पोटात ती गडद निळी थीम घेऊन. थीम म्हणजे होम मेन्यूच्या मांडणीच्या फाइलींची बदललेली प्रत. ती १६ च्या होम मेन्यूवरून बेतलेली. १९ चा होम मेन्यू आपल्या मांडणीत ज्या गोष्टी शोधत होता त्या १६ च्या प्रतीत नव्हत्याच. जुन्या मापाने शिवलेला सदरा वाढलेल्या पोराला घालावा, तशी गत. फर्मवेअर वाढवण्याआधी थीम काढून ठेवायची, ही गोष्ट माहीत असलेले लोकही विसरतात, कारण थीम ही त्यांच्या डोक्यात सजावट असते.

तो उपफोल्डर काढला. होम मेन्यू आला, पांढराफटक, कारखान्यातून आल्यासारखा. खेळांची चित्रं रांगेत, सेव्ह जागेवर, सेटिंगमध्ये १९.०.१. त्याने फोन टेबलावर ठेवला आणि पलीकडून नुसती आरोळी ऐकू आली.

चौथा बिघाड दहा मिनिटांनी. आच्छादन-मेन्यू, म्हणजे चालू खेळावर तरंगणारा मेन्यू, उघडायला बटणं दाबली आणि मशीन कोसळलं. या वेळी प्रोग्राम क्रमांक ४२०००००००००७ई५१ए. याची शेवटची पाच अक्षरं रोमन लिपीत लिहून डोळे बारीक केले तर ‘टेस्ला’ असं वाचता येतं. ही मंडळी क्रमांकातही सही करून ठेवतात. म्हणजे जुना आच्छादन-लोडर. इथे मी सगळ्याच सिसमॉड्यूलना विश्रांती दिली. प्रत्येकाच्या फोल्डरात फ्लॅग्ज नावाचा उपफोल्डर असतो, त्यात बूट-टू नावाची एक रिकामी फाइल. ती असेल तर मॉड्यूल आपोआप सुरू होतं, नसेल तर नाही. सगळ्या रिकाम्या फाइल काढल्या आणि मग एकेकाची नवी प्रत आणून एकेक परत ठेवली, दर वेळी एक रीबूट. कंटाळवाणं काम, तपशील सांगण्यासारखं काही नाही. सहापैकी दोन मॉड्यूल तो वापरतच नव्हता, ती कायमची गेली.

अपडेटची भीती कुठून येते

मध्येच त्याने एक चांगला प्रश्न विचारला. निन्टेन्डोचं अपडेट बदललेल्या मशीनला मुद्दाम मारतं का?

याला जुना इतिहास आहे. सप्टेंबर २००९ मध्ये वी या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलसाठी ४.२ हे अपडेट आलं. होमब्रूवाल्यांनी वीच्या बूट-टू या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात बस्तान बसवलं होतं. त्यांना हुसकायला त्या अपडेटने बूट-टू नव्याने लिहायला घेतला. तो टप्पा एरवी कधी लिहिला जात नसे, आणि लिहिताना चूक झाली तर मशीन थेट विटेसारखं निकामी. झालं असं, की ज्यांनी कधी काहीच बदललं नव्हतं अशांचेही काही कन्सोल त्यात गेले. तेव्हापासून अपडेट म्हटलं की बदललेला कन्सोल वापरणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेतल्या खाते-करारातही लिहून टाकलं, की अटी मोडल्यास कंपनी उपकरण कायमचं निकामी करू शकते. आपलं विकत घेतलेलं यंत्र कुणी दुरून निकामी करावं हे मला पटत नाही, पण करार वाचून घ्यावा. आणि यंत्र बदलण्याबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत.

पण आमच्या प्रकरणात निन्टेन्डो कुठे आलाच नाही. त्याच्या फाइल बिनतक्रार बसल्या. अडखळलं ते त्यांच्याभोवती साठलेलं आमचं जुनं सामान: जुनं अ‍ॅटमॉस्फिअर, जुना डाँगल, जुनी थीम, जुना लोडर.

फर्मवेअरच्या फाइल त्याने कुठून आणल्या होत्या ते मी विचारलं. उत्तर ऐकून गप्प बसलो. त्याऐवजी कोरी सिसएमएमसी अधिकृतपणे अपडेट करून तिच्यातूनच फाइल काढता येतात, टेग्राएक्सप्लोरर हा पेलोड ते काम करतो. परक्याच्या फोल्डरवर विसंबण्यापेक्षा ते बरं. मात्र त्याला एक किंमत आहे, आणि ती फ्यूजमध्ये मोजावी लागते.

फ्यूज

हे शेवटी हेकाटेत पाहिलं, निव्वळ उत्सुकतेने.

टेग्रा चिपमध्ये अतिसूक्ष्म फ्यूज असतात; एकदा जळला की परत सांधत नाही. निन्टेन्डोचा बूटलोडर प्रत्येक वेळी जळलेल्या फ्यूजची संख्या आपल्या अपेक्षेशी ताडतो. कमी असतील तर जाळून पुरे करतो. जास्त असतील, म्हणजे कुणी मागच्या फर्मवेअरवर उतरू पाहतंय, तर मशीन चालूच होऊ देत नाही. ८.१.० ला १० फ्यूज लागतात, १६ ला १८, १९ ला २०. फ्यूझे आणि हेकाटे ही मोजदाद करत नाहीत आणि काही जाळतही नाहीत.

मशीनवर १६.१.०, म्हणजे १८ दिसतील अशी माझी अपेक्षा. हेकाटेच्या माहितीच्या पानावर आकडा होता १०.

“म्हणजे बिघडलंय?”

“नाही रे. तू ऑटो-आरसीएम कधी केलंस?”

त्याला आठवेना. फ्यूजना मात्र आठवत होतं. निन्टेन्डोचा स्वतःचा बूटलोडर या मशीनवर शेवटचा चालला तो ८.१.० वर, २०१९ मध्ये. त्यानंतर सिसएमएमसी १६.१.० पर्यंत चढली, पण दर वेळी पेलोडच्या वाटेने; बूटलोडरला मोजायची संधीच मिळाली नाही. उद्या ऑटो-आरसीएम काढून याने नुसती पॉवर दाबली, तर एका दमात आठ फ्यूज जळतील आणि १६ च्या खालची वाट अधिकृत बूटलोडरपुरती कायमची बंद होईल.

तो जरा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. “जळले तर काही बिघडेल का?”

“रोजच्या वापरात काही नाही.”

“आणि नाही जळले तर?”

“तरी काही नाही.”

“मग राहू दे दहाच,” तो म्हणाला, आणि निळी थीम १९ साठी पुन्हा बेतायला बसला. त्यासाठी थीमच्या इन्स्टॉलरला नव्या फर्मवेअरमधून होम मेन्यू नव्याने उपसून द्यावा लागतो. ते त्याने मला न विचारता केलं.